सेक्वोर आणि सचते

लॅटिनच्या कोशात ‘नेणे’ या अर्थाचे क्रियापद उघडले की त्याच्यापुढे चार रूपे मांडलेली दिसतात: दूको, दूकेरे, दूक्सी, दुक्तुम. मी नेतो, नेणे, मी नेले, न्यायला. ही चार तोंडपाठ असली की उरलेला सारा पसारा विद्यार्थ्याला स्वतःच उभा करता येतो. त्याच कोशात ‘मागे जाणे’ शोधले तर मात्र तीनच रूपे हाती लागतात: सेक्वोर, सेक्वी, सेकूतुस सुम. चौथे छापायचे राहून गेलेले नाही. तिसऱ्याच रूपात ते सामावलेले असते.

खरी अडचण पुढे येते. कर्मणी प्रयोगासाठी मराठीला ‘जाणे’ची मदत घ्यावी लागते: नेला जातो, मारला जातो. वर्तमानकाळात लॅटिनचे काम एका ‘र’वर भागते. दूकित म्हणजे तो नेतो. दूकितुर म्हणजे तो नेला जातो. आता सेक्वितुर पाहा. घडण हुबेहूब दूकितुरची. त्या हिशेबाने कोणीतरी या माणसाच्या मागे जात असले पाहिजे. प्रत्यक्षात हाच माणूस दुसऱ्याच्या मागे जातो. सेक्वितुर म्हणजे ‘तो मागे जातो’. सरळ कर्तरी अर्थ, त्याला कर्मही चालते. आणि ‘र’ काढून ‘सेक्वित’ करावे तर तसा शब्द लॅटिनमध्ये नाही.

असे वागणारे हे एकटे क्रियापद असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. पण लोक्वोर (बोलतो), ओब्लिविस्कोर (विसरतो), नास्कोर (जन्मतो), मोरिओर (मरतो), ऊतोर (वापरतो), मीरोर (नवल करतो) अशी ही क्रियापदे शेकड्यांनी आहेत, आणि रोजच्या बोलण्यातली आहेत. जगात कुठेही लॅटिन शिकणारा माणूस पहिल्या काही महिन्यांतच त्यांच्यापाशी अडखळतो. रोमच्या पंडितांनाही ती टोचत होती. इसवी सनाच्या चौथ्या शतकातला दोनातुस हा रोममधला नावाजलेला व्याकरणशिक्षक. संत जेरोम त्याचा विद्यार्थी. त्याच्या छोट्या व्याकरणावर युरोपातल्या मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या. त्याने क्रियापदांचे पाच प्रकार सांगितले आणि त्यांतल्या या प्रकाराला ‘देपोनेन्तिया’ म्हटले. ‘देपोनेरे’ म्हणजे खाली ठेवणे, अंगावरचे उतरवून टाकणे. आजच्या व्याकरणांतला ‘डिपोनंट’ हा शब्द तिथूनच आला.

दोनातुसची कसोटी सोपी आहे. शब्दाच्या शेवटी ‘र’ आहे का पाहा. तो काढा. उरते ते लॅटिन नसेल तर क्रियापद डिपोनंट. वर्गात चालवायला उत्तम कसोटी, कारण मुलाला विचार करावा लागत नाही. पण या क्रियापदांनी उतरवून टाकले ते काय? सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला बसून अठरा खंडांचे लॅटिन व्याकरण लिहिणाऱ्या प्रिस्कियानुसपासून पुढे शाळाशाळांतून एकच खुलासा फिरत राहिला: रूप कर्मणी आहे, अर्थ मात्र कर्मणी राहिलेला नाही, म्हणजे तो अर्थ त्यांनी कधीतरी टाकून दिला असणार. ऐकायला पटते. माझ्या मते व्याकरणाच्या इतिहासात इतके टिकलेले आणि इतके उलटे नाव दुसरे सापडायचे नाही. सेक्वोरने काहीही टाकलेले नाही. टाकले ते लॅटिनमधल्या इतर क्रियापदांनी, आणि ज्याच्यापाशी जुना ठेवा शिल्लक होता त्याच्यावरच आळ आला. ते कसे, हे कळायला आधी हे क्रियापद चालवून पाहायला हवे.

वर्तमानकाळ असा: मी सेक्वोर, तू सेक्वेरिस, तो सेक्वितुर; आम्ही सेक्विमुर, तुम्ही सेक्विमिनी, ते सेक्वुन्तुर. सहापैकी पाच रूपांत ‘र’ आहे, ‘तुम्ही’च्या रूपात नाही. हे लक्षात असू द्यावे. अपूर्ण भूतकाळात सेक्वेबर, सेक्वेबातुर. भविष्यकाळात सेक्वर, सेक्वेरिस, सेक्वेतुर. इथे एक गंमत आहे. ‘तू मागे जातोस’ आणि ‘तू मागे जाशील’ या दोन्हींना मी सेक्वेरिसच लिहिले, कारण देवनागरीत त्यांतला फरक दाखवायची सोय नाही. वर्तमानातला ‘ए’ ऱ्हस्व आहे आणि आघात पहिल्या अक्षरावर पडतो. भविष्यातला ‘ए’ दीर्घ आहे आणि आघात त्याच्यावर येऊन बसतो. रोमन लोकही रोजच्या लिखाणात हा फरक दाखवत नसत. ऐकणाऱ्याला तो कानाने कळे, वाचणाऱ्याला संदर्भाने.

पूर्ण भूतकाळात मात्र रचनाच बदलते. सेकूतुस सुम, शब्दशः ‘मागे गेलेला आहे मी’. बोलणारी बाई असेल तर सेकूता सुम. पुष्कळ जण असतील तर सेकूती सुमुस. ‘मी’च्या क्रियापदात लिंग दिसते म्हटल्यावर इंग्रजीभाषक विद्यार्थी चमकतो, ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ असे उठताबसता म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

याच कृदंतामुळे डिपोनंट क्रियापदे लेखकांच्या उपयोगी पडली. साध्या लॅटिन क्रियापदाचे भूतकाळी कृदंत कर्मणीच असते. दुक्तुस म्हणजे ‘नेलेला’. ‘ज्याने नेले आहे असा’ हे एका शब्दात सांगायची सोयच नाही. मराठीला ‘नेऊन’ म्हटले की पुरते, संस्कृताला ‘नीत्वा’ आहे, ‘नीतवान्’ आहे. बिचाऱ्या लॅटिनला ‘शत्रू जिंकले गेले असता’ अशा वळशाने जावे लागते. सेकूतुस मात्र ‘मागे जाऊन’ असा सरळ कर्तरी अर्थ देतो. सीझरच्या युद्धवृत्तांतात प्रोफेक्तुस (निघून), कोहोर्तातुस (सैन्याला धीर देऊन), प्रोग्रेसुस (पुढे सरकून) असे शब्द जागोजाग भेटतात, ते सगळे याच जातीचे. सेनापतीच्या हालचाली भराभर सांगायच्या तर डिपोनंटांवाचून त्याचे पान हलले नसते.

आणखी दोन कृदंते पाहा. सेक्वेन्स म्हणजे मागे जाणारा, सेकूतूरुस म्हणजे मागे जाण्याच्या बेतात असलेला. दोन्ही रूपाने आणि अर्थाने पक्की कर्तरी. उलट सेक्वेन्दुस म्हणजे ‘ज्याच्या मागे जावे असा’, अनुसरणीय. हा चक्क कर्मणी अर्थ. कर्मणी अर्थ टाकून दिलेल्या क्रियापदाच्या घरात तो सापडतो कसा? नावात घोटाळा आहे याचा सुगावा लॅटिनच्या आतच होता.

आता लॅटिन सोडून पूर्वेकडे येऊ. वैदिक संस्कृतात ‘सच्’ नावाचा धातू आहे: सोबत असणे, साथ देणे, मागोमाग जाणे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्ताच्या शेवटच्या ऋचेत त्याचे ‘सचस्व’ हे आज्ञार्थी रूप आले आहे. वर्तमानकाळी रूप ‘सचते’. ग्रीकमध्ये ‘तो मागे जातो’ला हेपेताइ म्हणतात, जुन्या आयरिशमध्ये सेखिथिर. सचते, हेपेताइ, सेखिथिर, सेक्वितुर. चौघांची तोंडे वेगळी दिसतात, पण नाते सख्खे आहे.

लॅटिनच्या ‘क्व’च्या जागी संस्कृतात ‘च’ येतो हे काही शब्द शेजारी ठेवले की उघड होते. लॅटिनचे शब्दाला चिकटणारे ‘क्वे’ म्हणजे संस्कृतातले ‘च’, ‘आणि’. क्वात्तुओर म्हणजे चत्वारि, आपले चार. क्विन्क्वेचा शेवट म्हणजे पञ्चचा शेवट, आपले पाच. ग्रीकने आरंभीच्या ‘स’चा ‘ह’ केला आणि ‘क्व’चा इथे ‘प’. स्वरांचे काय? लॅटिनमध्ये ‘ए’, संस्कृतात ‘अ’. बरीच वर्षे युरोपातले पंडित समजत होते की संस्कृतातला ‘अ’ मूळचा आणि बाकीच्यांनी तो बिघडवला. १८७० च्या दशकात उलट उलगडा झाला. मूळ ‘क’चा संस्कृतात ‘च’ झाला तो पुढे ‘ए’सारखा तालव्य स्वर होता म्हणूनच. पुढे त्या ‘ए’चा ‘अ’ झाला, पण जाताना तो ‘च’वर आपली खूण ठेवून गेला. म्हणजे या एका बाबतीत सेक्वितुर हे सचतेपेक्षा जुने वळण दाखवते. ‘संस्कृत सर्व भाषांची जननी’ म्हणणाऱ्यांनी हा ‘च’ एकदा निरखून पाहावा.

हे नाते ओळखण्याच्या कथेत गोव्याचेही एक पान आहे. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स हा लॅटिन शिकून आलेला माणूस. इथल्या भाषा त्याने अशा आत्मसात केल्या की पुढे मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १५८३ मध्ये भावाला गोव्याहून लिहिलेल्या पत्रात त्याने नोंदवले की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळणारी आहे. कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे भाषण दिले ते १७८६ मध्ये, म्हणजे दोन शतकांनी. स्टीफन्सने आपला विचार पुढे नेला नाही. फ्रांत्स बॉप या जर्मन अभ्यासकाने १८१६ मध्ये तो शास्त्र म्हणून उभा केला, आणि त्याने आपल्या पुस्तकासाठी निवडलेला विषय होता संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांमध्ये धातू कसे चालतात हाच.

आता मुद्द्यावर. सचते हे आत्मनेपदी रूप आहे. हेपेताइ हे ग्रीकमध्ये ज्याला ‘मधला प्रयोग’ म्हणतात त्याचे रूप. कर्तरीही नाही, कर्मणीही नाही. सेखिथिर आयरिशमध्ये डिपोनंट. चार भाषांत, हजारो मैलांच्या अंतराने, एकच धातू आणि चारही ठिकाणी तो साधे परस्मैपदी प्रत्यय घेत नाही. हा योगायोग मानणे कठीण आहे. मूळ भाषेतच हा धातू आत्मनेपदी होता असे मानले की सगळे सुरळीत लागते. सेक्वितुर हा कर्मणी अर्थ गमावलेला शब्द नव्हेच. त्याला कर्मणी अर्थ कधी नव्हताच. उलट मुळात आत्मनेपदाचे असलेले हे ‘र’चे प्रत्यय लॅटिनने पुढे इतर क्रियापदांचा कर्मणी प्रयोग करायला वापरले. दूकितुर हा नंतरचा पाहुणा आणि सेक्वितुर मूळचा घरमालक.

आडनाव तेवढे वेगळे कसे, हा प्रश्न उरतो. संस्कृतात ‘ते’, ग्रीकमध्ये ‘ताइ’, मग लॅटिनमध्ये ‘तुर’ कुठून? बॉपने एक चतुर तोड काढली होती. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ होतो: फूल म्हणजे फ्लोस, फुलाचे म्हणजे फ्लोरिस. ‘स्वतःला’ या अर्थाचा ‘से’ हा शब्द क्रियापदाला चिकटला आणि त्याच्या ‘स’चा ‘र’ झाला, असे त्याचे म्हणणे. स्कँडिनेव्हियाच्या भाषांत ‘स्वतः’चा शब्द क्रियापदाला असा चिकटलेला खरोखर दिसतो, त्यामुळे ही तोड पुष्कळांना पटली. ती मोडली इटलीतच, लॅटिनच्या शेजारणीमुळे. ऑस्कन भाषेत ‘स’चा ‘र’ होत नाही, आणि तरीही तिच्या कर्मणी रूपांच्या शेवटी ‘र’ आहे. मग १८८८ मध्ये हाइनरिख त्सिमरने आयरिश रूपांचा कसून तपास केला. तिथेही ‘स’पासून ‘र’ येण्याची वाट बंद होती. पुढे १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नीने तुर्कस्तानातल्या बोआझकॉय इथे सापडलेल्या मातीच्या विटांवरची हित्ती भाषा उलगडली. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातल्या त्या लिखाणात ‘पडून आहे’ला शब्द निघाला किट्टारि. तो संस्कृतात शेते, ग्रीकमध्ये केइताइ. तिथे हा ‘रि’ कधी असतो, कधी नसतो. म्हणजे ‘र’ लॅटिनने बनवलेला नाही. तो या भाषाकुळाच्या अगदी बुडाशी आहे.

संस्कृतातही तो पुरता मेलेला नाही, फक्त अडगळीत पडला आहे. ‘शी’ धातू चालवताना शेते, शयाते म्हणून झाल्यावर ‘शेरते’ का येते, असा प्रश्न शाळेत कोणालाच पडत नाही. पाठ करायचे आणि पुढे जायचे. तो ‘र’ तोच असावा. पाणिनीला त्या एका धातूसाठी ‘र’ आणणारे वेगळे सूत्र करावे लागले. चक्रे, चक्राते, चक्रिरे मधला ‘रे’ही त्याच गोत्राचा.

बॉप अगदीच चुकला होता असेही नाही. ‘तू मागे ये’ अशी आज्ञा लॅटिनमध्ये ‘सेक्वेरे’ अशी होते. यातला ‘र’ मात्र खरोखर जुन्या ‘स’चा आहे, ग्रीकच्या आज्ञार्थातही तिथे पूर्वी ‘सो’ होता. आणि ज्या रूपात ‘र’ मुळीच नाही ते ‘सेक्विमिनी’? बरेच विद्वान त्याची सांगड ग्रीकच्या ‘हेपोमेनोइ’शी आणि संस्कृतातल्या ‘सचमान’शी घालतात. म्हणजे ते मुळात क्रियापदच नसावे. ‘तुम्ही मागे येणारे’ असे कृदंत असावे आणि कालांतराने रूपमालेत घुसले असावे. सगळ्यांना हे मान्य नाही. मला पटते, कारण मराठीतही ‘गेला’, ‘आला’ ही मूळची कृदंतेच क्रियापदे होऊन बसली आहेत. हा ‘मान’ प्रत्यय लॅटिनमध्ये इतरत्र जवळजवळ पुसला गेला, तरी अलुम्नुस या शब्दात राहिला आहे: ज्याचे पोषण होते तो, म्हणून शिष्य. महाविद्यालयांचे ‘ॲल्युम्नाय’ मेळावे भरतात ते त्याच्याच अनेकवचनाचे.

संस्कृतात हा ‘मान’ फक्त आत्मनेपदाचा. वर्तमान, विद्यमान हे त्यातलेच. पण सगळ्यांत बोलका शब्द आहे यजमान. यज्ञात मंत्र म्हणणारा, आहुती टाकणारा ऋत्विज ‘यजति’. तो दुसऱ्यासाठी यज्ञ करतो. ज्याच्या पदरी पुण्य पडायचे तो ‘यजते’, म्हणून तो यजमान. काम एकच, पण फळ कोणाकडे जाते यावर क्रियापदाचा शेवट ठरतो. पाणिनीने नेमका हाच नियम केला आहे आणि नावेही तशीच आहेत: आत्मनेपद म्हणजे स्वतःसाठीचे पद, परस्मैपद म्हणजे दुसऱ्यासाठीचे. त्याचा खरा मोठेपणा मला पुढच्या गोष्टीत वाटतो. हा नियम त्याने सगळ्या धातूंवर लादला नाही. जे धातू अर्थाचा विचार न करता नेहमीच आत्मनेपदी चालतात त्यांना धातुपाठात खूण करून ठेवले आणि विषय मिटवला. जिथे अर्थ जिवंत आहे तिथे अर्थाने, जिथे नुसती सवय उरली आहे तिथे यादीने. दोनातुसकडे फक्त यादीची कसोटी होती. तिच्यामागे कधी काही अर्थ होता हे त्याला लॅटिनमधून दिसणे शक्यही नव्हते.

पण ‘मागे जाणे’ यात स्वतःसाठी काय आहे? एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९५० मध्ये याची उकल केली, आणि ती मला आजवरच्या सगळ्यांत समाधानकारक वाटते. कर्तरीत क्रिया कर्त्यापासून निघून बाहेर जाते. आत्मनेपदात कर्ता क्रियेच्या आत असतो. ती त्याच्यात घडते, त्याच्यावर उमटते. जन्मणाऱ्याच्या बाबतीत हे कोणालाही पटेल, आणि मरणाऱ्याच्याही. जायते आणि म्रियते हे दोन्ही आत्मनेपदी. त्यांचे लॅटिन सगोत्र नास्कितुर आणि मोरितुर हे दोन्ही डिपोनंट. शेते, आस्ते (बसतो), वस्ते (अंगावर नेसतो) याच पंक्तीतले. मागे जाणारा माणूस दुसऱ्याच्या वाटेला आपली वाट जोडतो, त्याच्या चालीत स्वतःला बसवतो. जो नेतो त्याच्यात मात्र काहीच बदलत नाही. दूको परस्मैपदी का आणि सेक्वोर आत्मनेपदी का, ते यातून कळते.

मराठीत आत्मनेपद उरलेले नाही. प्राकृतातच ते ओसरू लागले होते. तरी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद आले की मराठीत कर्माची सत्ता चालते: मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली. पण ‘मी चहा प्यायला’ असे होत नाही, ‘मी चहा प्यायलो’ होते. तिने कविता लिहिली, पण ती कविता शिकली. त्याने नाव पुसले, पण तो नाव विसरला. तिने बांगड्या भरल्या, पण ती साडी नेसली. पिणे, शिकणे, विसरणे, समजणे, बोलणे, नेसणे: कर्म समोर असूनही ही क्रियापदे कर्त्याला सोडत नाहीत. व्याकरणाच्या पुस्तकांत ती अपवाद म्हणून येतात. अर्थ पाहिला तर प्रत्येकात काहीतरी कर्त्याच्या आत जाते, मनातून निसटते किंवा अंगाला लागते. विसरणे आणि बोलणे तर लॅटिनमध्येही डिपोनंट आहेत. नेसणे हे थेट त्या ‘वस्’ धातूकडे जाते. हा आत्मनेपदाचा वारसा म्हणता येणार नाही. मधले सगळे दुवे तुटलेले आहेत, आणि खाणे-पिणे तर बेनव्हेनिस्तच्या यादीत परस्मैपदी आहेत. पण क्रिया कर्त्याला स्पर्श करते की नाही, ही चौकशी भाषा पुन्हा नव्याने करतात, एवढे यातून नक्की दिसते.

सेक्वोरची लेकरे मात्र मराठीत सुखाने नांदत आहेत. त्याच्याच जुन्या कृदंतातून ‘सेकुन्दुस’ निघाला: पाठोपाठ येणारा, म्हणून दुसरा. जहाजाच्या पाठीमागून येणारा वारा तो सेकुन्दुस, म्हणून अनुकूलही. तासाचे पहिले बारीक तुकडे ती मिनिटे, दुसऱ्या खेपेचे तुकडे ते सेकंद. फ्रेंचमार्गे आलेला सूट म्हणजे एकमेकांच्या जोडीने येणारे कपडे. सिनेमाचा सीक्वेल त्यातलाच. प्रेताच्या मागून बाहेर जाणाऱ्यांची मिरवणूक, म्हणजे अंत्ययात्रा, तिला रोमन लोक एक्सेक्वियाए म्हणत. आणि एखादे काम शेवटापर्यंत लावून धरणे हे एक्सेक्वोर, त्यातून एक्झिक्युटिव्ह. इकडे ‘सच्’मधून सचिव झाला: राजाच्या सोबत असणारा. मंत्रालयातले सचिव आणि बांधकाम खात्यातले एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर हे धातूच्या नात्याने भाऊबंद आहेत, फायली एकमेकांकडे कितीही दिवस अडकोत.

खुद्द रोममध्ये या क्रियापदांचा पाया लवकरच खचू लागला होता. रूप एक आणि अर्थ दुसरा हे ओझे बोलणाऱ्यांना नको होते. नीरोच्या दरबारातला पेत्रोनियुस आपल्या कादंबरीत एका नवश्रीमंताच्या घरची मेजवानी रंगवतो. तिथे जुन्यापान्या चिंध्यांचा धंदा करणारा एखिओन शिकल्यासवरलेल्या पाहुण्याला टोमणा मारतो, आणि ‘तू बोलतोस’ला लोक्वेरिस न म्हणता ‘लोक्विस’ म्हणतो. दोनातुसच्या कित्येक पिढ्या आधीच ‘र’ गळून पडला होता. पेत्रोनियुसने हे हसवण्यासाठी लिहिले. पण पुढे जग एखिओनसारखेच बोलू लागले. सेक्वीचे सेक्वेरे झाले, मोरीचे मोरीरे, नास्कीचे नास्केरे. त्यातून इटालियनचे सेग्वीरे आणि स्पॅनिशचे सेगीर आले. आजच्या एकाही रोमान्स भाषेत डिपोनंटांची रूपमाला शिल्लक नाही.

राहिला तो पूर्ण भूतकाळाचा सांगाडा. ‘तो मेला’ला लॅटिनमध्ये मोर्तुउस एस्त म्हणत, ‘ती जन्मली’ला नाता एस्त; मेलेला आहे, जन्मलेली आहे. फ्रेंच आजही ‘इल ए मॉर’, ‘एल ए ने’ म्हणते. इतर बहुतेक क्रियापदांना ‘जवळ असणे’ हे सहायक क्रियापद लागते. जन्म-मरणाला, येण्याजाण्याला मात्र ‘असणे’ लागते, आणि कृदंत कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. का, असे विचारले तर फ्रेंच शिक्षक यादी पुढे करतात आणि पाठ करायला सांगतात. सेक्वोरचा फ्रेंच वंशज ‘सुइव्र’ मात्र त्या यादीत नाही. कर्म घेणारे क्रियापद म्हणून त्याला इतरांच्या रांगेत उभे केले गेले: ‘तो मागे गेला’ म्हणायचे तर ‘इल आ सुइवी’.